मिसळीबरोबर पाव मागू नका, प्लीज!

घर कोल्हापूरला, नोकरी मुंबई-पुण्यात आणि हातात फक्त एक वीकेंड. अशा वेळी कुठे खायचं, काय खायचं आणि आईला कसं पटवायचं?

शुक्रवारी रात्री मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची. शनिवारी सकाळी सातच्या सुमारास कोल्हापूर. रविवारी रात्री परत तीच गाडी, आणि सोमवारी सकाळी डोळे चोळत ऑफिस. मधे उरतात जेमतेम ३६ तास. त्यातले झोपेचे वजा करा, आत्याकडे 'नुसतं तोंड दाखवून येण्या'चे वजा करा, बाबांचं बँकेतलं किंवा मोबाइलमधलं राहिलेलं काम वजा करा. हातात फार काही राहत नाही. लिस्ट मात्र बुधवारीच ऑफिसात बसून तयार झालेली असते: मिसळ, भेळ, लोणी डोसा, धारोष्ण दूध आणि कॉकटेल. (ते कॉकटेल नव्हे हो! पुढे सांगतो.)

खरी अडचण पोटाची नसतेच. अडचणी दोन. पहिली आई. दुसरी म्हणजे हॉटेलात टेबल पुसता पुसता पोऱ्या सहज विचारतो तो प्रश्न, "कुठनं आलायसा, पाव्हणं?" ज्या गावात आपण लहानाचे मोठे झालो, तिथे हा प्रश्न ऐकला की पहिला घास घशात अडकतो, राव!

आधी आईचं बघू. तुम्ही येणार हे कळल्यापासून तिचा मेन्यू ठरलेला असतो. फ्रिजमध्ये डबे लागलेले असतात. आणि तुम्ही बॅग टाकून म्हणता, "आई, मी जरा मिसळ खाऊन येतो." तिचं "जा की" हे कोल्हापुरातलं सगळ्यात तिखट वाक्य. यावर आमच्या ग्रुपने बऱ्याच वर्षांच्या अनुभवाने एक फॉर्म्युला काढलाय. जे घरी होतं ते बाहेर खायचं नाही. बस्स.

म्हणजे मटण बाद. हो, कोल्हापुरात जाऊन मटण हॉटेलात खायचं नाही! हे वाचून पुणेकर दचकतील, पण खरा कोल्हापूरकर मटण घरी खातो आणि पाहुण्याला हॉटेलात नेतो. रविवारी सकाळी बाबा पिशवी घेऊन मटणाच्या दुकानासमोर रांगेत, तासाभरात कुकरची शिट्टी, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरातून तोच वास. मटण शिजवलेल्या अळणी पाण्याचे दोन भाग होतात. एकात नारळाचं दूध, तीळ-खसखस आणि खडा मसाला पडला की पांढरा रस्सा. दुसऱ्यात कांदा-लसणाची चटणी पडली की तांबडा. चटणी म्हणजे आपल्याकडे ताटात डावीकडे वाढायची चटणी नव्हे, तर वर्षाचं साठवणीचं तिखट. उन्हाळ्यात रंगासाठी ब्याडगी आणि झटक्यासाठी संकेश्वरी मिरची आणायची, मसाला भाजायचा आणि कांडपाला न्यायचं. प्रत्येक घराचं माप वेगळं. म्हणून तर शेजारच्या दोन घरांतला तांबडा रस्सा एकसारखा नसतो. मुंबई-पुण्यात मेन्यूकार्डवर 'कोल्हापुरी' लिहून जे लालभडक येतं त्यात नुसती मिरची असते, ते अळणी पाणीच नसतं. नुसतं तिखट म्हणजे कोल्हापुरी नव्हे, हे एकदा छापून आलं पाहिजे होतं. आलं.

ऑफिसमधले मित्र सोबत असतील तर गोष्ट वेगळी. घरी सहा जणांचं ताट आईवर टाकण्यापेक्षा त्यांना लक्ष्मीपुरीत पद्मा गेस्ट हाऊसला न्या, किंवा ओपलला मटण लोणचं खायला घाला. वाटी रिकामी झाली की रस्सा परत येतो, तेव्हा भुरके मारायला लाजू नका म्हणावं. फक्त वार बघून न्या. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत पाळले जातात. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मटणाचे वार. श्रावणात नेलंत तर तुमची तुम्ही जाणा.

आता मिसळ. ती घरीही होते, पण घरच्या मिसळीला तो कट नसतो, हे आयासुद्धा खासगीत मान्य करतात. मिसळीवरून कोल्हापुरात पक्ष आहेत. फडतरे, चोरगे, खासबाग, बावडा... आणि प्रत्येकाच्या मते बाकीचे 'बरे आहेत'. माझं मत फडतरेला. एक कारण चवीचं आणि दुसरं जागेचं. शिवाजी उद्यमनगर हा लेथचा, वर्कशॉपचा, फौंड्रीच्या कामाचा भाग. शिफ्टला जाणारा, हाताला ग्रीस लागलेला माणूस आणि लॅपटॉपची बॅग घेऊन थेट स्टेशनवरून आलेला माणूस एकाच बाकावर बसतात, आणि घाई दोघांनाही असते. हा सकाळचा मामला आहे. दुपारी 'ब्रंच'ला जाऊ म्हणाल तर गाठ कुलपाशी!

आणि इथेच तो दुसरा प्रश्न येतो. तुम्ही आता बाहेरचे झालात हे लोक कशावरून ओळखतात? सांगतो.

मिसळीबरोबर पाव मागितला. संपलं! कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस येतात, जाडजूड, कट पिणारे. 'तिखट कमी' म्हणालात. बाटलीतलं पाणी मागितलंत. बशी समोर आल्यावर खायच्या आधी उभं राहून वरून फोटो काढलात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एक्स्ट्रा कट मागताना "एक्स्ट्रा चार्ज आहे का?" असं विचारलंत. उलट पुण्यात चार वर्षं 'मी जाते, मी येते' करणारी पोरगी स्टेशनवर उतरल्या उतरल्या "आई, येतो गं तासाभरात" म्हणाली, की समजावं, अजून आपली आहे. (कोल्हापुरात मुलीही 'जातो', 'खातो'च म्हणतात. बाहेरच्यांनी हसू नये.)

शनिवारची संध्याकाळ खासबागेची. शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्त्यांचं मैदान १९१२ चं, आणि त्याच्याजवळ राजाभाऊची भेळ. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडलं. त्यानंतर पहिल्यांदा भेळ खायला गेलो तेव्हा आमच्यातलं कुणी फार बोललं नाही. शाळेच्या गॅदरिंगपासून पहिल्या नाटकापर्यंत सगळ्यांचं काही ना काही त्या भिंतींत होतं. भेळ नेहमीसारखीच आली, चिंचेचं पाणी नेहमीसारखंच. तिथे उभं राहून खाण्यात मात्र आता त्या बाजूला बघायचं की नाही, हा प्रश्न असतो.

भेळेला पूर्वी आम्ही आठ-नऊ जण असायचो. आता चार. दोघं अमेरिकेत, एक बंगळूरला आणि एकजण गावातच असून येत नाही, म्हणजे त्याला दुकान सोडता येत नाही. जे गावात राहिलेत ते वेळ काढून येतात, आणि पैसे तेच देतात. हे मी मुद्दाम लिहितोय. तुम्ही पाकीट काढलंत की हात धरला जातो. "ठेव रे, पाव्हणा हायस तू." प्रेमाने म्हणतात. पण हे वाक्य पोऱ्याने विचारण्यापेक्षा जास्त लागतं. मागे एकदा आमच्यातल्या एकाने यावर तोडगा काढला. भेळ त्यांची, पण पुढचं कॉकटेल आपलं! तेव्हापासून तेच चालू आहे.

तर कॉकटेल. सोळंकीचं कॉकटेल म्हणजे आइस्क्रीम, फळं, जेली, सुकामेवा असा उंच ग्लासातला डोंगर. दारूचा थेंब नाही. पुण्याच्या एका मैत्रिणीला "चल, कॉकटेल पाजतो" म्हणून नेलं, तर ती चांगली नटून आली होती! त्या ग्लासात आमच्या शाळेच्या रिझल्टचे सगळे दिवस आहेत. तुम्हाला ते गोड लागेल कदाचित. आम्हालाही लागतं.

रात्री घराकडे वळायच्या आधी गंगावेशीत दूध कट्टा. म्हैस समोर उभी, गवळी धार काढतो आणि फेसाळलेला ग्लास थेट हातात. तालमीतल्या पोरांचा हा खुराक. आता त्यांच्या शेजारी आयटीतले सुटलेली पोटं घेऊन उभे असतात, तेही हक्काने. फ्रेंड्समधल्या कुणाला म्हैस इतक्या जवळून बघून भीती वाटली तर समजून घ्या. या गावात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात. त्यांचाही मान आहे.

रविवारी सकाळी नाष्टा हलकाच, दुपारी मटण आहे. हलका म्हणजे एक दावणगिरी लोणी डोसा. मूळ कर्नाटकातला, पण सीमेला लागून असलेल्या या गावाने कधीच दत्तक घेतलेला. हातभर कुरकुरीत कागद नव्हे. छोटा, जाड, जाळीदार आणि वर वितळणारा लोण्याचा गोळा. गाडी कुठली, हे विचारू नका. आपापल्या गल्लीच्या कोपऱ्यावरची. बाबांना सोबत घेऊन जा. ते "मला नको, डॉक्टर ओरडतात" म्हणतात आणि तुमच्यातला अर्धा खातात. घरी आईसमोर दोघांनीही गप्प बसायचं.

आणि मग मटण, झोप, बॅग. ऑफिससाठी सांगली-जयसिंगपूरकडचं भडंग घ्या, डेस्कवर दहा मिनिटांत संपतं. चटणीची बरणी आई देतेच. तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या, वर वर्तमानपत्र, त्यावर जुना टॉवेल. एवढं करूनही पुणं यायच्या आत वरच्या बर्थवरचा माणूस खाली वाकून विचारतो, "कोल्हापूरचे का?"

हो म्हणून सांगायचं.