सुवाह्य सीडी प्लेअरची पारख

ज्यांच्या कपाटात शास्त्रीय संगीताच्या सीडींची चळत अद्याप जपून ठेवलेली आहे आणि ती ऐकण्यासाठी बरोबर नेता येईल असे लहानसे यंत्र पुन्हा विकत घ्यावे असा ज्यांचा मनोदय आहे, त्यांच्यासमोर विक्रेता प्रथम मांडतो तो सोयींचा तपशील: ब्लूटूथ, एमपी-३, बास वाढवण्याचे बटण, प्रकाशमान पडदा. या सोयी निरुपयोगी आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु यंत्राचा दर्जा त्यांच्या संख्येवरून ठरत नाही. तबकडीवरील मजकूर यंत्र किती अचूक वाचते आणि वाचलेला मजकूर कानापर्यंत किती अविकृत पोचवते, या दोनच गोष्टींवर तो अवलंबून असतो.

यंत्राचे झाकण उघडले म्हणजे मधल्या आसाशेजारी एक इवलेसे भिंग दिसते. सारे कौशल्य तेथे एकवटलेले आहे. तबकडीवरील खळग्यांची सर्पिल रेषा आतून बाहेर उलगडत जाते आणि तिच्या दोन फेऱ्यांतील अंतर अवघे १.६ मायक्रॉन असते. माणसाचा एक केस आडवा ठेवला तर त्याखाली अशा चाळीसएक फेऱ्या सहज झाकल्या जातील. तबकडी आतल्या बाजूस मिनिटाला सुमारे ५०० आणि कडेला सुमारे २०० फेरे घेत असताना, शिवाय ती किंचित डगमगत असताना, ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरचा ठिपका त्या रेषेवरून ढळू नये म्हणून हे भिंग विद्युतवेटोळ्यांच्या साह्याने क्षणोक्षणी वरखाली आणि आडवे सरकत राहते.

सोनी कंपनीने १९८४ साली डी-५० हे पहिले सुवाह्य यंत्र बाजारात आणले. पण चालता चालता बसणाऱ्या धक्क्याने ठिपका रेषा सोडी आणि गाणे मध्येच तुटे. त्यावर पुढे निघालेला इलाज मोठा कल्पक होता. तबकडी गरजेपेक्षा अधिक वेगाने वाचायची, आलेला मजकूर काही सेकंदांपुरता स्मृतीत साठवायचा आणि भिंग पूर्वस्थळी येईपर्यंत त्या शिलकीतून गाणे चालू ठेवायचे, अशी ही तजवीज. मात्र येथे ग्राहकाने थोडा हिशेब केला पाहिजे. सीडीवर ध्वनीचे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा, दोन वाहिन्यांत व प्रत्येकी १६ बिटांत नोंदलेले असते. म्हणजे प्रत्येक सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. या मानाने १६ मेगाबिटांच्या स्मृतीत दहा-अकरा सेकंदांचेच संगीत मावते. तेवढ्याच स्मृतीत चाळीस सेकंद मावतात असा दावा असेल, तर मजकुराचा संक्षेप केलेला आहे आणि त्यात तानपुऱ्याच्या सूक्ष्म स्वरांशांना झळ पोचू शकते, हे उघड आहे. म्हणूनच धक्कारोधक योजना इच्छेनुसार बंद करता येणे हे मी चांगल्या यंत्राचे पहिले लक्षण मानतो. प्रवासात ती चालू ठेवावी, मेजावर बसून ऐकताना बंद करावी.

दुसरे लक्षण म्हणजे हेडफोनखेरीज स्वतंत्र लाइन-आउट असणे, कारण त्यामुळे यंत्रातील हेडफोनचा वर्धक वगळून ध्वनी थेट घरच्या ॲम्प्लिफायरकडे नेता येतो. ब्लूटूथमध्ये सामान्यतः ध्वनीचा पुन्हा संक्षेप होतो, सबब ती सोय गौण समजावी. आलाप एका ट्रॅकमध्ये आणि बंदिश पुढच्या ट्रॅकमध्ये, अशी अखंड मैफल ऐकताना मध्ये शांततेचा खंड पडतो का, हेही तपासावे. साध्या सीडीत तो पडू नये, एमपी-३ तबकडीत पुष्कळदा पडतो.

जुने यंत्र घेणाऱ्याने भिंगावरील धूळ, बॅटरीच्या कप्प्यातील गंज आणि झाकणाची कळ पाहावी. लेसर कालांतराने क्षीण होतो आणि भिंग सरकवणारे दाते झिजतात. तेव्हा शेवटचा ट्रॅक लावण्याची परीक्षा सर्वांत उपयुक्त, कारण तो तबकडीच्या बाहेरच्या कडेला असतो आणि भिंगाला तेथवर जावे लागते. झाकणाची कळ बोटाने दाबून आत डोकावण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. तो लेसर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण इजा करू शकतो.

तबकडीच्या निगेविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मजकूर विखरून लिहिण्याची आणि गळालेले अंक गणिताने भरून काढण्याची जी योजना सीडीत आहे, तिच्या पायाशी रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० साली मांडलेली संकेतपद्धती आहे. तिच्यामुळे मध्याकडून कडेकडे जाणारा ओरखडा सहसा निभावून जातो, रेषेच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा मात्र निभावत नाही. म्हणून तबकडी नेहमी मध्याकडून बाहेर पुसावी, गोल गोल पुसू नये. छापील बाजू तर अधिकच जपावी, कारण परावर्तक थर तिच्या लगत, केवळ पातळ लेपाखाली असतो.

यंत्र घ्यायला जाताना आपल्या संग्रहातील सर्वांत लांब सीडी आणि आपले नेहमीचे हेडफोन बरोबर न्यावेत, शेवटचा ट्रॅक पूर्ण ऐकावा, आणि विक्रेता तेवढी मुभा देत नसेल तर ते यंत्र घेऊ नये.