कोंबडी, मांजर अन् कुत्रं : कोणाला किती जपावं लागतं?

गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली की एक वाक्य हमखास ऐकायला येतं. "कोंबड्याचं काय बाई, सकाळी दाणे टाकले की झालं!" आपणही मान डोलावतो, ठराव लिहितो, अंगठा-सही होते. सहा महिन्यांनी विचारलं तर खुराडं रिकामं असतं, हप्ता मात्र चालूच असतो. कोणी म्हणते मानमोडी आली, कोणी म्हणते मुंगसानं नेल्या, कोणी म्हणते मी कापूस वेचायला गेली होती, घरी पाहायला कोणी नव्हतं.

दोष कोंबडीचा नाही. कोंबडी किती पैसा देते हे आपण विचारतो, ती आपला किती वेळ मागते हे विचारत नाही. आपल्या घरी कोंबडीसोबत मांजर असते, दारात नाहीतर वावरात कुत्रं असतं. तिघांचं मागणं वेगवेगळं आहे. तेच आज समजून घेऊ.

कोंबडी : रोज थोडं, पण एकही दिवस सुट्टी नाही

दहा-बारा गावरान कोंबड्यांना सकाळी पंधरा-वीस मिनिटं अन् सांजच्याला तेवढाच वेळ लागतो. सकाळी खुराडं उघडायचं, विष्ठा काढायची, भांडं घासून ताजं पाणी भरायचं, दाणे टाकायचे. संध्याकाळी अंडी गोळा करायची, कोंबड्या मोजून आत घ्यायच्या, कडी नीट लावायची. यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोजणं. रोज मोजणारीला एक कमी झाली ते त्याच दिवशी कळतं, न मोजणारीला चार गेल्यावर.

मोकळी फिरणारी कोंबडी किडे, गवत, सांडलेले दाणे खाऊन अर्धंअधिक पोट भरते. तरी तिला वरून मूठभर ज्वारी, तांदळाची कणी द्यावी लागते. अंड्याचं कवच पातळ येत असेल तर शिंपल्याचा चुरा द्यावा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. तेव्हा कोंबडी चोच उघडून धापा टाकते, पंख पसरते. तिला घाम येत नाही, म्हणून सावली अन् दिवसातून दोन-तीनदा गार पाणी लागतंच. खुराड्यावर ओलं पोतं टाकलं तरी फरक पडतो.

गावरान कोंबडी वर्षाला साधारण पन्नास ते ऐंशी अंडी देते. खुडूक होऊन अंड्यांवर बसली की 21 दिवस अंडी बंद. पिल्लं निघाल्यावर पहिले काही आठवडे खरे नाजूक. घार, कावळा, मांजर, उंदीर सगळे टपलेले असतात. तेव्हा पिल्लं डालग्याखाली ठेवलेली बरी.

पण खरा घात रोगानं होतो. राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, आली की हिरवी-पांढरी हगवण लागते, मान वाकडी होते अन् दोन-चार दिवसांत खुराडं साफ होतं. तिच्यावर औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब, नंतर त्याचाच दुसरा डोस, अन् साधारण आठ आठवड्यांनी पंखाखाली आर-टू-बीचं इंजेक्शन. देवीची लस वेगळी. पुढच्या तारखा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून लिहून घ्याव्यात.

इथं गटाचं काम येतं. लसीची एक बाटली साधारण शंभर पक्ष्यांची असते. ती बर्फात आणावी लागते अन् पाण्यात कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची मालकीण एकटी बाटली आणत नाही, म्हणून लस राहून जाते. पण दहा घरच्या कोंबड्या मिळून शंभर होतात. एकीनं लस टोचली अन् शेजारणीनं नाही टोचली तरी रोग गावात राहतोच.

मुरुंब्याची गोष्ट विसरू नका

परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात एका बचत गटाचं कुक्कुटपालन होतं. सुमारे आठ हजार पक्षी होते. जानेवारी 2021 मध्ये दोन दिवसांत त्यातले आठशे-नऊशे पक्षी मेले. नमुने तपासले तेव्हा बर्ड फ्लू निघाला. उरलेले पक्षीही नष्ट करावे लागले. आपल्यासारख्याच बायांचा तो धंदा होता.

त्यातून एक शिकावं. एकाएकी दोन-तीनपेक्षा जास्त कोंबड्या मेल्या तर लपवू नका. नाल्यात फेकू नका, कुत्र्याला टाकू नका, घाईनं कापून विकू तर मुळीच नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, नाहीतर 1962 या टोल फ्री नंबरवर फोन करा. बर्ड फ्लूमध्ये शासन जे पक्षी नष्ट करतं त्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. उशीर केला तर तोटा आपलाच.

मांजर : कमी मागते, पण तिचाही हिशोब आहे

मांजरीला फिरवावं लागत नाही, आंघोळ घालावी लागत नाही. स्वतःचं अंग ती स्वतःच चाटून साफ करते. कोठीतले उंदीर कमी करते हा तिचा मोठा उपकार. पण "उंदीर खाते, वेगळं कशाला द्यायचं" हे बरोबर नाही. मांजर मूळची मांस खाणारी आहे. नुसत्या दूध-पोळीवर ती नीट राहत नाही, पुष्कळ मोठ्या मांजरींना तर दुधानं हगवण लागते. थोडी मासळी, अंडं, उकडलेलं मांस मिळालं पाहिजे. घरात उंदराचं औषध टाकलं असेल तर सांभाळा, विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही मरते.

मांजरीचा खरा खर्च पिल्लांचा. ती पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते, वर्षातून दोन-तीनदा विऊ शकते. मग पिल्लं पोत्यात घालून दूर सोडायची पाळी येते. त्यापेक्षा शस्त्रक्रिया करून घेणं चांगलं. तालुक्याच्या दवाखान्यात चौकशी करा.

कुत्रं : रोजची भाकर अन् वर्षाची एक सुई

कुत्रं भाकरी-वरणावर राहतं, पण त्यालाही अधूनमधून अंडं किंवा मांस लागतं. कांदा-लसूण अन् कोंबडीची शिजवलेली हाडं देऊ नका. ती हाडं टोकदार फुटतात अन् घशात, आतड्यात रुततात. वावरात राखणीला बांधलेल्या कुत्र्याला सावली अन् पाणी आहे का, हे दुपारी पाहिलंच पाहिजे. अन् कुत्र्याला माणसाचा सहवास लागतो. सतत बांधलेलं, कोणी न बोलणारं कुत्रं चिडकं होतं अन् पहिलं लेकरालाच चावतं.

तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढे दरवर्षी. ही सुई चुकली तर तोटा खुराड्याचा नाही, माणसाच्या जिवाचा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. मांजरीपासूनही तो होतो, म्हणून मांजरीलाही लस द्या.

कुत्रं किंवा मांजर चावलं, नखानं ओरखडलं, तर घरचं असो की बाहेरचं :

1. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा.
2. तिखट, हळद, चुना, तेल काहीही लावू नका.
3. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेतलं सीरमही लागतं, ते विचारा.
4. दिलेल्या सगळ्या तारखांना जा. दोन सुया घेतल्या अन् बरं वाटलं म्हणून थांबू नका. वेचणीचा रोज बुडला तरी चालेल.

मग काय पाळावं?

कोंबडी रोज हजेरी मागते अन् चुकलं तर सगळ्या एकदम जातात. मांजर कमी मागते, पण पिल्लांचा विचार आधी करावा लागतो. कुत्रं जीव लावतं, पण वर्षाची सुई चुकवता येत नाही. तिघांचं बहुतेक काम घरात बाईच्याच वाट्याला येतं. म्हणून कर्जाच्या अर्जावर रकमेसोबत हेही विचारा : हंगामात ती वावरात असताना खुराडं कोण उघडेल? सासू, नवरा, मोठी लेक, शेजारीण, कोणाचं तरी नाव ठरलेलं हवं.

पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं आपल्या घरचे आकडे सांगावेत : कोंबड्या किती, पिल्लं किती, कुत्री-मांजरी किती, शेवटची लस कधी. सचिवानं ते वहीत लिहावं अन् पशुसखीला द्यावं. शंभर कोंबड्या जमल्या की लसीचा दिवस ठरवा. त्याच दिवशी कुत्र्या-मांजरांच्या सुईसाठीही डॉक्टरांना विचारून घ्या. दहा घरांनी एका सकाळी केलेलं हे काम, कर्जाच्या हप्त्याइतकंच गटाचं काम आहे.