दोन घरचा पाहुणा

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात लाइम गावाच्या परिसरात १९७५ च्या सुमारास अनेक बालकांना सांधेदुखीने ग्रासले, आणि त्या व्याधीस कारण होणारा मळसूत्राकार जिवाणू पुढे विली बर्गडोर्फर यांना गोचिडीच्या आतड्यात आढळला. १९८२ साली तो शोध प्रसिद्ध झाला व पुढे जिवाणूस ‘बोरेलिया बर्गडोर्फेरी’ हे नाव मिळाले. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी म्हण आहे. परंतु गोचीड आणि उंदीर या दोन्ही घरी ज्याचा निर्वाह यथास्थित चालतो, त्या या सूक्ष्म जीवाने आपल्या जनुकांच्या बळावर ती खोटी ठरविली आहे.

गोचीड प्रत्येक अवस्थेत एकदाच रक्तपान करीत असल्यामुळे तिच्या पोटात जिवाणूला महिनोन्‌महिने थंडी व उपासमार सोसावी लागते. उंदराच्या उबदार देहात अन्न विपुल, पण प्रतिकारशक्तीचा पहारा अहोरात्र जागता. शिवाय गोचिडीच्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीत जात नसल्याने एकाच घरी कायमचा मुक्काम करण्याची सोय त्याला नाही.

१९९७ साली त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा अमिनो आम्ले घडविण्याची तजवीजही त्यात नसल्याचे दिसले. अशा तुटपुंज्या भांडवलावर तो तरतो, तो समयज्ञतेमुळे. उपाशी गोचिडीत ‘ओस्प-ए’ हे पृष्ठप्रथिन त्याला आतड्याशी जखडून ठेवते. ती रक्त पिऊ लागून ऊब वाढली, की ‘आरपीओएस’ या नियामकाचा अंमल सुरू होतो, ‘ओस्प-ए’ मागे सरते आणि ‘ओस्प-सी’ पुढे येते. पहिल्याचे जनुक काढून टाकलेले जिवाणू उंदरात वाढतात, पण गोचिडीत वस्ती करू शकत नाहीत; दुसऱ्याचे काढलेले गोचिडीत टिकतात, पण उंदरात त्यांचा शिरकाव होत नाही. पुढे प्रतिपिंडे ‘ओस्प-सी’ ओळखू लागली, की तेही आवरले जाते, आणि ‘व्हीएलएसई’ हे जनुक शेजारच्या मूक प्रतींतील तुकडे घेऊन आपल्या प्रथिनाचे रूप वारंवार पालटत राहते.

या स्थित्यंतरातच जिवाणूचे मर्मस्थान आहे. १९९८ साली परवाना मिळालेली ‘ओस्प-ए’ची लस रक्ताबरोबर गोचिडीच्या पोटात प्रतिपिंडे पोचवून जिवाणूला तेथेच गाठीत असे; पण मागणीअभावी ती २००२ साली बाजारातून काढून घेण्यात आली. मात्र पोटातून लाळेपर्यंतच्या प्रवासाला जिवाणूस बहुधा एका दिवसाहून अधिक अवधी लागतो, ही सवलत आजही आपल्या हाती आहे. म्हणून या रोगाच्या मुलखात रानातून परतल्यावर अंग नीट तपासावे, आणि चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने, त्वचेलगत धरून, विनाविलंब काढून टाकावी.