यान संकटाच्या जवळ जाते कशाला?

छत्रपती संभाजीनगरातील एका शाळेत कृष्णविवरांवर बोलून झाल्यावर नववीतील एका मुलीने विचारले, "सर, गोष्टीतली माणसे कृष्णविवर दिसले की त्याच्याकडेच यान वळवतात. लांबून बघता येत नाही का?" वर्गात हशा पिकला. मला मात्र उत्तर द्यायला वेळ लागला. 'गोष्ट रंगावी म्हणून' हे उत्तर खरे आहे, पण ते अर्धेच.

मराठी वाचकाला ही गोष्ट नवी नाही. जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' ही विज्ञानकथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने दाखल झाली होती. तेव्हा आधी कृष्णविवराचेच पाहू.

समजा, सूर्याच्या दहापट वस्तुमानाचे एक कृष्णविवर आहे. त्याच्या सीमेची त्रिज्या जेमतेम ३० किलोमीटर. अंतराळवीर पाय पुढे करून त्याकडे निघाला, तर पायांवरील ओढ डोक्यावरील ओढीपेक्षा जास्त असणार. समुद्राला भरती आणणारा तो हाच फरक. सुमारे ८,००० किलोमीटरवर हा फरक पृथ्वीवरील गुरुत्वाइतका होतो. अंतर निम्मे केले की तो आठपट होतो, कारण तो अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. सीमेपर्यंत पोचेतो तो पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे दोन कोटी पट झालेला असेल. अर्थात तोवर अंतराळवीर शिल्लक नसेल. गंमत अशी की आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवर सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट जड असूनही त्याच्या सीमेवर हाच फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या दहा हजाराव्या भागाइतकाच भरतो. मोठे कृष्णविवर या बाबतीत सौम्य. (परत येण्याच्या बाबतीत नव्हे!) हे गणित अकरावीच्या विद्यार्थ्याला वहीत करता येते, आणि ते लांबूनच करता येते.

लांबून आणखी बरेच कळते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेली गुरुत्वीय लहर टिपली. घटना सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूरची. चार किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका. अशीच वेधशाळा आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली तिला मंजुरी दिली. विश्वातील अत्यंत प्रचंड घडामोडींपैकी एक अभ्यासण्यासाठी जायचे कोठे, तर औंढ्याला!

मग जवळ जावे लागते ते कशासाठी? दुर्बिणीला दिसतो तो प्रकाश. प्रकाशावरून तापमान, रासायनिक घटक, वेग असे पुष्कळ काढता येते. पण एखाद्या बिंदूपाशी चुंबकीय क्षेत्र क्षणोक्षणी कसे बदलते, तेथून जाणारे कण किती व कोणत्या दिशेचे, हे नेमके मोजायचे तर उपकरण तेथेच असावे लागते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सियस, तर त्याबाहेरील प्रभामंडळ दहा लाख अंशांच्याही वर. चुलीपासून दूर जावे आणि अधिक भाजावे, तसा हा प्रकार. हे कोडे सोडवण्यासाठी २०१८ साली निघालेले पार्कर यान २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवर पोचले.

ते वितळले कसे नाही, असे मुले हमखास विचारतात. त्यांना फुलबाजीची आठवण द्यावी. तिची ठिणगी तव्यापेक्षा कितीतरी तप्त असते. हातावर पडली तर जेमतेम चटका बसतो, कारण ठिणगीत द्रव्यच थोडे. प्रभामंडळही असेच विरळ आहे. पार्करच्या ढालीला तापवते ते मुख्यत्वे सूर्याचे थेट प्रारण. त्यामुळे ढाल हजार अंशांच्या आसपास तापते. जाडी साडेअकरा सेंटिमीटर, आणि तिच्या सावलीत उपकरणे सुखरूप.

पण पार्करवर माणूस नाही. येथे कथा आणि विज्ञान वेगळे होतात, असे वाटते खरे. चांगल्या कथा मात्र तितक्या भाबड्या नसतात. 'स्टार ट्रेक' मालिकेच्या १९६८ सालच्या 'द इम्युनिटी सिंड्रोम' या भागात यानासमोर एक काळा पट्टा येतो. आधी त्यात माणसाविना शोधक उपकरणच सोडले जाते. आत एक महाकाय एकपेशीय जीव आहे, तो दुभंगण्याच्या बेतात आहे आणि तो वाढला तर सर्वांनाच धोका आहे, हे उमगल्यावर कोणीतरी आत जाणे भाग पडते. स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय दोघेही तयार असतात. निवड कॅप्टन कर्कला करावी लागते.

प्रत्यक्षात अशी निवड माणसांनी केलेली आहे, अंतराळात नव्हे, जमिनीवर. मोरिस व कातिया क्राफ्त हे फ्रेंच जोडपे जागत्या ज्वालामुखींच्या अगदी जवळ जाऊन चित्रण करी. त्यांनी तयार केलेली धोक्याची चित्रफीत फिलिपिन्समध्ये दाखवली गेली. १५ जून १९९१ रोजी पिनातुबोचा महास्फोट झाला, त्याआधी हजारो लोकांना हलवण्यास तिची मदत झाली. तो स्फोट पाहायला क्राफ्त पतिपत्नी नव्हती. त्याआधी बाराच दिवस, ३ जूनला, जपानच्या उन्झेन ज्वालामुखीच्या तप्त लोटात ती दोघे गेली. त्या दिवशी तेथे एकूण ४३ माणसे मेली.

मी वर्गात हे सांगितले तेव्हा हशा नव्हता. मग फळ्यावर ते दहा सूर्यांचे कृष्णविवर काढले आणि यान कोठे थांबवायचे ते प्रत्येकाने वहीत लिहावे, असे सांगितले. सोबत त्या अंतरावर काय मोजणार, तेही. बहुतेकांनी आठ हजार किलोमीटरच्या थोडे बाहेर यान ठेवले. त्या मुलीने एक लाख किलोमीटर लिहिले, आणि पुढे कंसात : 'आत छोटे यान पाठवीन, रिकामे.'