पडद्यावरची लहर: खरी आणि भासाची

ऑसिलोस्कोप म्हणजे विजेच्या दाबातले चढउतार डोळ्यांना दाखवणारं यंत्र. त्याच्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी घरं आखलेली असतात. घराची उंची किती व्होल्टची, हे एक बटण ठरवतं. रुंदी किती वेळाची, हे दुसरं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. घर ५ मिलिसेकंदांचं ठेवलं, तर पुरी लहर चार घरांत बसते. लहर पळू लागली, तर ट्रिगरची पातळी तिच्या उंचीच्या आत आणावी. मग दर वेळी चित्र त्याच बिंदूपासून सुरू होतं आणि लहर स्थिरावते.

पण जपून! डिजिटल यंत्र सलग पाहत नाही. ठरावीक अंतराने नमुने घेऊन ते जोडतं. त्याची स्मृती मर्यादित. तेव्हा घराचा वेळ वाढवला, की नमुने विरळ होतात. सेकंदाला १००० नमुने आणि लहरी मात्र १०१०, असं झालं तर पडद्यावर दिसतील फक्त १०! चित्र देखणं, पण साफ खोटं. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तसंच हे. म्हणून घर आधी लहानात लहान वेळाचं ठेवावं, मग हळूहळू वाढवावं.