विकेंद्रित कंपनीतील दूरस्थ काम

ज्या कंपनीचे कर्मचारी मध्यवर्ती कार्यालयाऐवजी निरनिराळ्या देशांतून आंतरजालाद्वारे काम करतात, तिला विकेंद्रित कंपनी म्हणतात. २००५ मध्ये स्थापन झालेली ऑटोमॅटिक ही अशीच एक कंपनी होय. भारतात दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये नियम शिथिल केल्याने घरून काम करणे सुलभ झाले.

अशा नोकरीसाठी बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव वा मलकापूर सोडून पुण्या-मुंबईस स्थलांतर करणे अनिवार्य नसते. अखंड वीज व आंतरजाल मात्र आवश्यक असते. वेळेतील तफावतही कायम राहते. सॅन फ्रान्सिस्कोत उन्हाळ्यात सकाळचे १० वाजतात, तेव्हा बुलढाण्यात रात्रीचे १०:३० झालेले असतात. त्यामुळे बैठकांपेक्षा लेखी संवादावर भर दिला जातो. तसे न झाल्यास रात्रीचे जागरण व सहकाऱ्यांपासूनचा दुरावा कर्मचाऱ्याच्या वाट्याला येतो.