गार इंजिनाची साक्ष

कोगनोळीच्या टोलनाक्यावर पाच मिनिटं उभे राहा. एमएच ०९ आणि केए २३, दोन्ही पाट्या एकामागोमाग सरकत असतात. उत्तरेला कोल्हापूर, दक्षिणेला बेळगाव. दोन्हीकडे ओतकामाचे कारखाने, लोखंडाचा आवाज ओळखणारे कान. इथं कुणी जुनी पोलो जीटी टीएसआय विकायला काढली असेल, तर निघण्याआधी मालकाला एकच विनंती करा: "दादा, आम्ही येईस्तोवर गाडी चालू करू नका."

का बरं? रात्रभर उभ्या गाडीतलं बरंचसं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. ते पुन्हा वर चढेपर्यंतच्या दोन-चार सेकंदांत इंजिन खरं बोलून जातं. ताण सैल पडलेली टायमिंग चेन खडखडते. व्हॉल्व्हची सीलं झिजली असतील, तर सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक झोत येतो. तापलेलं इंजिन यातलं बरंच पोटात ठेवतं. म्हणून आधी बोनेटवर हात ठेवून बघायचा. कोमट लागलं, तर उद्या सकाळी परत यायचं!

आणि त्या बोनेटखाली काय चालतं, याची कल्पना आहे? मिनिटाला ६,००० फेरे असताना प्रत्येक पिस्टन सेकंदाला २०० वेळा थबकतो आणि उलटा फिरतो. वाट जेमतेम साडेसात सेंटीमीटरची, पण तेवढ्यात तो ताशी ८० किलोमीटरहून जास्त वेग गाठतो आणि पुन्हा शून्यावर येतो. हा सगळा मारा झेलणाऱ्या बेअरिंगमध्ये धातू आणि धातूच्या मध्ये असतो केसाहूनही पातळ ऑइलचा पापुद्रा. बस्स, एवढाच!

टर्बोची कथा याहून अचाट. फेकून द्यायचा धूर एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं. छोट्या टर्बोचे फेरे मिनिटाला दीड-दोन लाखांपर्यंत जातात आणि हा दांडाही ऑइलवरच तरंगतो. जुनं, काळं ऑइल कुणी वर्षानुवर्षं तसंच ठेवलं असेल, तर त्याची किंमत इथं मोजावी लागते. निपाणी ओलांडून तवंदी घाटात गाडी चढवा. वेग नको, फक्त ओढ बघा. या १.२ लिटरच्या इंजिनाचा १७५ न्यूटन-मीटर टॉर्क १,५०० फेऱ्यांच्या आसपासच हाताशी येतो. चढावर ती धाप टाकत असेल, हवेच्या पाइपातून फुसफुस ऐकू येत असेल, तर थांबा.

आता माझी सर्वांत आवडती तपासणी. स्पार्क प्लग काढायचा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. दोन्ही व्हॉल्व्ह बंद, म्हणजे हवेला वाटच नाही. तरी ती थोडी निसटतेच, कारण नव्या रिंगांनाही बारीक फट असते. प्रश्न आहे, जास्तीची कुठून निसटते? सायलेन्सरशी कान न्या. तिथं फुसफुसलं, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर फिल्टरकडे आलं, तर इनटेक. ऑइल ओतायच्या झाकणातून आलं, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेला. कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले, तर हेड गॅस्केटचा संशय धरायचा. इंजिन न खोलता पोटातला आजार कळला! नुसत्या हवेनं आणि कानानं! लाखोंचा सौदा असताना लोक हा तासाभराचा खर्च का टाळतात, मला खरंच कळत नाही.

शेवटी स्कॅनर लावा. गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या तपासण्या स्वतः घेत असतो. विकण्याआधी कुणी बिघाडाच्या नोंदी पुसल्या, तर त्या तपासण्यांचे निकालही पुसले जातात आणि स्कॅनरवर त्या 'अपूर्ण' दिसतात. म्हणजे पाटी कोरी केली, पण ती नुकतीच कोरी झाली हे पाटीनंच सांगितलं! बॅटरी काढली तरी असं होऊ शकतं, तेव्हा लगेच आरोप नको. मालकाला चार दिवस गाडी चालवू द्या आणि पाचव्या दिवशी सकाळी परत जा. बोनेटवर पुन्हा हात ठेवा.